भिंग काढून टाकलं तरी पेशी दिसते! बिनभिंगाचा सूक्ष्मदर्शक नक्की चालतो कसा?

थंडी वाजून ताप आला की डॉक्टर आधी सांगतात, "रक्त तपासून या." बोटाला सुई टोचतात, एक थेंब काचपट्टीवर घेतात आणि आपण घरी येतो. आपलं काम तिथं संपतं, पण लॅब टेक्निशियनचं तिथून सुरू होतं.

काचपट्टीवर पसरलेलं रक्त वाळवायचं, त्याला रंग द्यायचा, वर तेलाचा थेंब टाकायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली मलेरियाचे परजीवी शोधायचे. दिसले तर प्रश्न मिटला. पण दिसले नाहीत तर? "मलेरिया नाही" असं लिहिण्याआधी काचपट्टीवरच्या निदान १०० वेगवेगळ्या जागा बघायच्या, असा नियम आहे. क्षयरोगासाठी थुंकी तपासतानाही असंच. एक जागा बघायची, काचपट्टी किंचित सरकवायची, फोकस नीट करायचा, पुढची जागा बघायची. असं शंभर वेळा, आणि मग दुसऱ्या पेशंटची काचपट्टी.

एवढं करून किती भाग बघून होतो? तेल वापरून बघायच्या १०० पटीच्या भिंगातून एका वेळी साधारण ०.२ मिलिमीटर व्यासाचं वर्तुळ दिसतं. म्हणजे १०० जागांचं क्षेत्रफळ भरतं जेमतेम ३ चौरस मिलिमीटर, तुरीच्या दाण्यापेक्षाही कमी. आजार पकडायचा की सुटायचा, हे एवढ्याशा जागेवर आणि एका माणसाच्या न थकणाऱ्या डोळ्यांवर अवलंबून असतं. आणि डोळे तर थकतातच.

याच अडचणीवर गेल्या दीड-दोन दशकांत एक चमत्कारिक वाटणारा उपाय पुढे आला. सूक्ष्मदर्शकातलं भिंगच काढून टाकायचं.

भिंगाची अडचण काय आहे?

मोबाईलवर नकाशा उघडा. तालुका दिसतोय तोवर तुमची गल्ली दिसत नाही. गल्ली दिसेपर्यंत झूम केलं की तालुका स्क्रीनबाहेर जातो. भिंगाचं अगदी असंच आहे. जितकं मोठं करून बघाल तितका कमी भाग दिसतो. ही काही कारागिरीतली चूक नाही. कितीही महागडा सूक्ष्मदर्शक आणला तरी ही तडजोड थोडीफार करावीच लागते. महागडी यंत्रं काचपट्टी आपोआप सरकवून शेकडो फोटो जोडतात, पण ती यंत्रं तालुक्याच्या दवाखान्यात परवडत नाहीत.

दुसरी अडचण फोकसची. भिंग ताकदवान असेल तर फक्त एक पातळ थर स्पष्ट दिसतो. त्याच्या वरचं-खालचं सगळं धूसर. काचेवर चिकटलेल्या, वाळलेल्या पेशीसाठी हे चालून जातं. पण द्रवात पोहणारी जिवंत पेशी क्षणात फोकसबाहेर जाते.

मग भिंगाऐवजी ठेवायचं काय?

खरं सांगायचं तर काहीच नाही. या यंत्राची रचना ऐकली की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. वर एक छोटा एलईडी दिवा. त्याच्यापुढे साधारण ०.१ मिलिमीटरचं बारीक छिद्र. तिथून ५ ते १० सेंटीमीटर खाली पेशींचा नमुना. आणि नमुन्याच्या खाली, एक मिलिमीटरपेक्षाही कमी अंतरावर, मोबाईलच्या कॅमेऱ्यात असते तशी सेन्सरची चिप. संपलं.

दिवा लागला की पेशींची सावली थेट चिपवर पडते. नमुना चिपला जवळजवळ चिकटलेला असल्यामुळे सावली मोठी होत नाही. म्हणून चिप जेवढी मोठी तेवढा सगळा भाग एका फोटोत येतो. २४ चौरस मिलिमीटरची चिप घेतली तर १०० पटीच्या भिंगातल्या साडेसातशेहून जास्त जागा एका क्लिकमध्ये.

पण या फोटोत पेशी दिसत नाहीत. दिसतात ती वर्तुळं. तळ्यात खडा टाकल्यावर उठतात तशी, एकात एक, उजळ आणि काळी. बघणाऱ्याला वाटेल कॅमेरा बिघडलाय. पण सगळी गंमत या वर्तुळांतच आहे.

सावलीच्या मध्यभागी उजेड

वर्तुळं का उमटतात, ते समजण्यासाठी दोनशे वर्षं मागे, पॅरिसला जावं लागेल. १८१८ मध्ये तिथल्या विज्ञान अकादमीने प्रकाशाच्या वर्तनावर एक स्पर्धा ठेवली होती. ऑगस्टिन फ्रेनेल या तरुण इंजिनिअरने प्रकाश म्हणजे लहरी आहेत असं मांडणारा निबंध पाठवला. परीक्षकांमध्ये सिमेऑं प्वासाँ हे मोठे गणिती होते आणि त्यांना हे अजिबात पटलेलं नव्हतं. त्यांनी फ्रेनेलचंच गणित पुढे नेलं आणि विचारलं, हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका पडायला हवा. सावलीत उजेड? म्हणजे सिद्धांत खोटा!

परीक्षक मंडळातल्याच फ्रांस्वा आरागो यांनी प्रयोग करून बघितला. ठिपका होता. फ्रेनेलला बक्षीस मिळालं, आणि खोडून काढायला निघालेल्या प्वासाँचंच नाव त्या ठिपक्याला चिकटलं.

प्रकाश एखाद्या बारीक वस्तूवरून जाताना कडेला वळतो आणि पसरतो. याला विवर्तन म्हणतात. पेशीवरून वळलेला प्रकाश आणि आजूबाजूने सरळ आलेला प्रकाश चिपवर एकमेकांत मिसळतात. जिथं लहरीचा उंचवटा उंचवट्यावर येतो तिथं उजळ, आणि उंचवट्यावर खळगा येतो तिथं काळोख. त्यातून ही वर्तुळं तयार होतात.

तळ्यात एक बांबू रोवलाय असं समजा. लाटा त्याला धडकतात, वळतात, पुढे जातात. तुम्ही काठावर आहात आणि धुक्यामुळे बांबू दिसत नाही. पण काठाशी येणाऱ्या लाटांची नक्षी पुरेशी बारकाईने मोजलीत, तर बांबू कुठं आहे आणि केवढा जाड आहे, हे हिशोबाने सांगता येईल. चिप काठावर उभी आहे आणि पेशी म्हणजे बांबू.

पारदर्शक पेशीचा पेच

इथं आणखी एक गोष्ट मदतीला येते. बहुतेक पेशी जवळजवळ पारदर्शक असतात. म्हणून तर लॅबमध्ये त्यांना रंग द्यावा लागतो. पेशी प्रकाश फारसा शोषत नाही, पण त्याला थोडा उशीर मात्र करते. पाण्यापेक्षा पेशीच्या आतला माल किंचित दाट असतो, त्यामुळे तिच्यातून जाणारी लहर शेजारच्या लहरीपेक्षा जराशी मागे पडते. हा जो पुढे-मागेपणा आहे त्याला भौतिकशास्त्रात 'फेज' किंवा मराठीत 'कला' म्हणतात.

कॅमेऱ्याला कला कळत नाही. उजेड किती पडला एवढंच तो मोजतो. पण दोन लहरी एकमेकींत मिसळल्या की मागे पडल्याचा परिणाम उजेड-अंधाराच्या नक्षीत उतरतो. म्हणजे त्या वर्तुळांमध्ये पेशीचा आकार तर असतोच, शिवाय तिने प्रकाशाला कुठे किती उशीर केला याचीही नोंद असते. अशा नोंदीला होलोग्राम म्हणतात.

होलोग्राम म्हटलं की आपल्याला डेबिट कार्डावरचं चमकणारं स्टिकर आठवतं. तत्त्व तेच, पण ही कल्पना मुळात सूक्ष्मदर्शकासाठीच जन्माला आली होती.

टेनिस कोर्टवरची कल्पना

डेनिस गॅबोर हे मूळचे हंगेरीचे. १९४७ मध्ये ते इंग्लंडमधल्या रग्बी गावात एका विद्युत कंपनीत काम करत होते. त्या वेळी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची भिंगं सदोष होती आणि ती सुधारायचा मार्ग सापडत नव्हता. ईस्टरच्या सुट्टीत टेनिस खेळायला आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत बसले असताना गॅबोर यांना उत्तर सुचलं, असं सांगितलं जातं. भिंग खराब आहे ना, मग चित्र खराब येऊ दे. फक्त त्यात लहरीची सगळी माहिती साठवून घ्या, आणि दुरुस्ती नंतर करा.

१९४८ मध्ये त्यांनी हा विचार प्रसिद्ध केला. 'होलोस' म्हणजे ग्रीक भाषेत संपूर्ण, म्हणून नाव होलोग्राम. प्रयोगासाठी त्यांनी एक इवलीशी पट्टी वापरली होती, आणि तिच्यावर हायगेन्स, यंग आणि फ्रेनेल ही नावं लिहिलेली होती. प्रकाशाला लहर मानणाऱ्या तिघांना केलेला हा नमस्कारच म्हणायचा.

लेझर मात्र १९६० पर्यंत आलेला नव्हता. गॅबोर यांना पाऱ्याच्या दिव्यावर काम भागवावं लागलं. चित्र पुन्हा मिळवायलाही काचेची फोटोप्लेट आणि पुन्हा तोच प्रकाश लागायचा. १९७१ मध्ये त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, पण ज्या कामासाठी हे शोधलं त्या सूक्ष्मदर्शकात ते रुळायला पुढची कित्येक वर्षं गेली. कारण दोन गोष्टी कमी होत्या. बारीक पिक्सेलची स्वस्त चिप आणि हिशोब करणारा वेगवान संगणक.

या दोन्ही गोष्टी अखेर मोबाईलच्या बाजारामुळे मिळाल्या. फोटो आणखी चांगला यावा म्हणून कंपन्यांची स्पर्धा लागली आणि पिक्सेल एक-दोन मायक्रॉनपर्यंत लहान झाले. आपली लाल रक्तपेशी ७ ते ८ मायक्रॉनची असते. म्हणजे एका पेशीच्या सावलीखाली आता कितीतरी पिक्सेल मावतात. सेल्फीच्या हौसेचा विज्ञानाला असाही फायदा झाला.

वर्तुळातून पेशी परत कशी मिळते?

हिशोब ऐकायला सोपा आहे. लहर पुढे कशी पसरते याची समीकरणं माहीत आहेत. मग चिपवर पकडलेली लहर संगणकात उलटी मागे न्यायची, जिथं पेशी होती तिथपर्यंत. व्हिडिओ उलटा चालवल्यावर तळ्यातली वर्तुळं आक्रसत खड्यापाशी येतात ना, तसंच.

याचा एक मोठा फायदा म्हणजे फोकस नंतर ठरवता येतो. फोटो एकदाच काढायचा आणि मग संगणकात 'आता अर्धा मिलिमीटर मागे', 'आता थोडं अजून' असं करत वेगवेगळ्या खोलीवरच्या पेशी स्पष्ट करायच्या.

अडचण अशी की चिपने उजेड मोजला, कला थेट मोजली नाही. त्यामुळे लहर उलटी नेताना खऱ्या चित्रासोबत एक भुताटकीचं चित्रही येतं. त्याला जुळं चित्र म्हणतात. पेशीवरच एक धूसर सावली चढते. गॅबोर यांनाही याचाच त्रास झाला होता. आज त्यावर उपाय असा की नमुना आणि चिप यांच्यातलं अंतर किंचित बदलत तीन-चार किंवा जास्त फोटो घ्यायचे. खरी पेशी सगळ्या फोटोंशी जुळली पाहिजे, भूत जुळत नाही. संगणक पुढे-मागे फेऱ्या मारत सगळ्यांशी जुळणारं एकच उत्तर शोधतो.

पिक्सेलपेक्षा बारीक तपशील हवा असेल तर दिवा थोडा सरकवून सावल्या पिक्सेलच्या अंशाने हलवतात आणि असे बरेच फोटो एकत्र करतात.

मग दिवा लेझरचा नसून साधा एलईडी कसा चालतो? कारण अंतरांचं प्रमाण. छिद्र पेशीपासून १० सेंटीमीटरवर आणि चिप पेशीपासून एक मिलिमीटरवर, म्हणजे शंभराला एक. ०.१ मिलिमीटरच्या छिद्रामुळे येणारा धूसरपणा चिपवर शंभरपट लहान होऊन एका मायक्रॉनवर येतो. त्यामुळे महागडा लेझर आणि त्याची नाजूक जुळवणी दोन्ही टळतात. स्वस्ताईचं खरं रहस्य भिंग काढण्यापेक्षा या प्रमाणात जास्त आहे.

फोनपासून इन्क्युबेटरपर्यंत

या क्षेत्रात सर्वात जास्त घेतलं जाणारं नाव म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले, मूळचे तुर्कस्तानचे आयदोआन ओझजान. २०१० मध्ये त्यांच्या गटाने मोबाईलच्या कॅमेऱ्यासमोरचं भिंग काढून तिथं बसणारं ३८ ग्रॅम वजनाचं जोडयंत्र दाखवलं. त्यात रक्तपेशी आणि पाण्यातला जिआर्डिया हा परजीवी दिसत होता. पुढच्याच वर्षी हातात मावणाऱ्या यंत्राने मलेरियाचे परजीवी असलेल्या लाल पेशींची चित्रं मिळाली.

पण या तंत्राची ताकद सर्वात चांगली दिसली ती २०१२ मध्ये, शुक्राणूंच्या अभ्यासात. मानवी शुक्राणू द्रवात तिन्ही दिशांना पोहतो. साध्या सूक्ष्मदर्शकात तो फोकसमधून निसटतो, म्हणून त्याला अगदी पातळ थरात कोंडून बघायची पद्धत होती. कोंडलेल्या शुक्राणूची चाल म्हणजे नदीतल्या माशाची परीक्षा ताटलीत घेण्यासारखं. ओझजान यांच्या गटाने दोन रंगांचे दिवे दोन कोनांतून लावले. प्रत्येक शुक्राणूच्या दोन सावल्या पडल्या आणि त्यांच्यातल्या अंतरावरून खोली कळली. अशा तऱ्हेने २४ हजारांहून जास्त शुक्राणूंचे मार्ग नोंदवले गेले. त्यातले फक्त ४ ते ५ टक्के स्क्रूच्या आट्यांसारखे गोल फिरत पुढे जातात, आणि अशांपैकी सुमारे ९० टक्के उजव्या आट्याचे असतात, असं आढळलं. इतकी दुर्मिळ गोष्ट मोजायला हजारो पेशी एकाच वेळी नजरेत असाव्या लागतात. भिंगातून हे जमलं नसतं.

फ्रान्सच्या ग्रेनोबलमधल्या संशोधकांनी दुसरी वाट धरली. प्रयोगशाळेत पेशी वाढवतात त्या ३७ अंश तापमानाच्या, दमट इन्क्युबेटरमध्ये. बघायच्या तर बाहेर काढाव्या लागतात आणि बाहेर काढलं की त्यांचं वातावरण बदलतं. दणकट सूक्ष्मदर्शक आत ठेवणं अवघड. बिनभिंगाची डबी मात्र सहज आत बसते. पेशी कधी चिकटल्या, कधी दुभंगल्या, कधी मेल्या, याची दिवसचे दिवस नोंद होते. २०१४ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले.

एक मजा सांगायला हवी. विषाणू १०० नॅनोमीटरच्या आसपास असतो, त्याची सावली इतकी फिकी की चिपला कळतच नाही. २०१३ मध्ये ओझजान यांच्याच गटाने त्यावर उपाय काढला. प्रत्येक कणाभोवती द्रवाचा एक इवलासा थेंब जमू द्यायचा. तो थेंब काय काम करतो? भिंगाचं. हाकललेलं भिंग मागच्या दाराने परत आलं.

मग हे आपल्या दवाखान्यात का नाही?

पहिलं कारण रक्तातच आहे. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये सुमारे ५० लाख लाल पेशी असतात. एवढ्या गर्दीत सगळ्यांची वर्तुळं एकमेकांवर चढतात आणि बाजूने सरळ येणारा प्रकाशच उरत नाही. त्यामुळे रक्त पातळ करावं लागतं किंवा अगदी विरळ पसरावं लागतं.

दुसरं, बारकावा. तेलाच्या १०० पटीच्या भिंगाइतकी स्पष्टता या यंत्राला मिळते ती बरेच फोटो आणि बराच हिशोब करून. शिवाय मलेरियाचा परजीवी ओळखायचा तर टेक्निशियन त्याचा रंग बघतो. एकाच रंगाच्या दिव्यात घेतलेल्या होलोग्राममध्ये तो रंग नसतो. तीन रंगांचे दिवे लावून तो आणता येतो, पण मग यंत्र तेवढं साधं राहत नाही.

तिसरं कारण थेट स्पर्धेचं. गडचिरोलीसारख्या मलेरियाग्रस्त भागात आज आशा कार्यकर्तीच्या पिशवीत झटपट चाचणीचं किट असतं. रक्ताचा थेंब टाका, थोडा वेळ थांबा, रेघा मोजा. वीज नको, संगणक नको. 'एवढा आजार आहे की नाही' या प्रश्नासाठी त्याला हरवणं कठीण आहे. परजीवी किती आहेत, औषधाने कमी होतायत का, हे मात्र किट सांगत नाही. तिथं आजही काचपट्टीच लागते.

आणि चौथं कारण सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. २०१८ च्या सुमारास हा हिशोब कृत्रिम बुद्धिमत्तेकडे सोपवायला सुरुवात झाली. हजारो जोड्या दाखवून शिकवलेलं न्यूरल नेटवर्क एकाच होलोग्राममधून जुळं चित्र पुसून क्षणात स्वच्छ पेशी दाखवतं. चार-पाच फोटोंची गरज संपते. पण जुन्या पद्धतीत संगणक भौतिकशास्त्राची समीकरणं सोडवत होता. नवी पद्धत पूर्वी पाहिलेल्या पेशींच्या अनुभवावर अंदाज बांधते. कधीच न पाहिलेली विचित्र पेशी समोर आली तर ती ओळखीच्या पेशीसारखी 'सुधारून' दाखवण्याचा धोका असतो. आणि निदानात नेमकी विचित्र पेशीच शोधायची असते.

भिंग धूसर असलं की माणसाला दिसतं की चित्र धूसर आहे. हिशोब चुकला तर चित्र तितकंच नितळ दिसू शकतं. म्हणून मिळालेल्या पेशीवरून पुन्हा वर्तुळं काढून ती मूळ फोटोशी जुळतात का, हे तपासणाऱ्या पद्धतींवर आता संशोधकांचा भर आहे.

२०१४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या काचपट्ट्यांवर अशी एक कसोटी झाली होती. बिनभिंगाच्या यंत्राने काढलेली चित्रं पॅथॉलॉजिस्टला मूळ निदान न सांगता दाखवली, आणि त्यांचं निदान मूळ निदानाशी जवळजवळ पूर्ण जुळलं. त्या वेळी चित्रं बऱ्याच फोटोंवरून, समीकरणांच्या वाटेने तयार केली होती. रोजच्या वापरात हे तंत्र आज जास्त दिसतं ते संशोधन प्रयोगशाळांमध्ये, पेशी मोजायला आणि इन्क्युबेटरमधल्या पेशींवर लक्ष ठेवायला. मलेरियाच्या काचपट्टीवरच्या १०० जागा अजून टेक्निशियनच बघतो, भिंगातून.